बच्छाव सरांचा शनिवारचा तास

"सर गेले," सानिका फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठे?"

यात माझी काही चूक नव्हती. निवृत्त झाल्यापासून बच्छाव सर सतत कुठे ना कुठे गेलेलेच असायचे. हरसूलच्या बाजारात कुठली जुनी धान्यं अजून विकायला येतात ते बघायला जायचे. मनमाडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या कोणा गृहस्थांकडे जुन्या पोथ्या आहेत असं कानावर आलं की पहिल्या गाडीनं तिकडे निघायचे, आणि पोथ्यांऐवजी गाड्यांची जुनी वेळापत्रकं निघाली तरी तितक्याच आनंदात परत यायचे. तेव्हा मला वाटलं, गेले असतील. मग सानिका हळूच म्हणाली, "बाई, तसं नाही..."

त्याला आता महिना उलटून गेला. तरी अजून कोणी सरांचं विचारलं की माझ्या तोंडून आधी "गेलेत कुठेतरी" असंच येतं, आणि मग सावरून घ्यावं लागतं.

सरांचं नाव पंडित. पदवी नव्हे, नाव. सर सटाण्याकडचे, आणि तिकडे हे नाव गावोगाव सापडतं. कांद्याच्या शेतात राबणाऱ्या वडिलांनी ते ठेवलं तेव्हा हा मुलगा पुढे नाशिकच्या शाळेत खरोखरच संस्कृत शिकवील असं त्यांच्या स्वप्नातही नसणार. पण शाळेच्या फलकावर 'पंडित बच्छाव, संस्कृत' अशी अक्षरं लागली आणि आजूबाजूच्या लोकांचा जो समज व्हायचा तो झाला. वास्तुशांतीपासून मुंजीपर्यंत कशाकशासाठी सरांना फोन यायचे. एकदा माझ्यासमोरच कोणीतरी गृहप्रवेशाचा मुहूर्त विचारला. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रविवारी करा. मला सुट्टी असते." त्या भल्या माणसानं खरंच रविवारी गृहप्रवेश केला आणि सरांना जेवायला बोलावलं. सर गेले, पोटभर जेवले, घराच्या खिडक्यांची तारीफ करून आले. तो माणूस पुढे कित्येक वर्षं सांगायचा, की पंडितजींचा मुहूर्त लाभला.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत आम्हा दोघांना मिळून एक कपाट होतं. वरच्या कप्प्यात माझ्या परीक्षानळ्या आणि खालच्या कप्प्यात सरांचा संसार: शब्दकोशाचे सुटे झालेले भाग, वाळलेल्या शेंगा, जवाच्या ओंब्या, कुठल्याशा झाडाच्या साली. परीक्षा घ्यायला आलेले एक साहेब एकदा खालचा कप्पा माझा आणि वरचा सरांचा समजून बसले होते. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आमच्या शाळेत शनिवारी शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा असे. हा तास कोणालाच नको असायचा, कारण मुलांचे डोळे घंटेकडे लागलेले आणि शिक्षकांचेही. वेळापत्रक ठरवताना जो शिक्षक चहा प्यायला बाहेर गेलेला असेल त्याच्या नावावर तो टाकला जाई. एका वर्षी बच्छाव सरांनी तो आपणहून मागितला. मुख्याध्यापिकाबाईंना संशय यायला हवा होता, पण त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आठवीच्या दोन्ही तुकड्या एकत्र करून देऊन टाकल्या.

त्या तासाला सर मुलांबरोबर वेद वाचायचे. उपनिषदांतल्या गोष्टी, पुराणातले तुकडेही वाचायचे, पण मुख्य ओढ वेदांची. आधी दोन-चार ओळी संस्कृतात वाचायच्या, मग मराठीत अर्थ, आणि मग खरा तास सुरू व्हायचा. हे कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? आणि बोलणारा सकाळी काय खाऊन निघाला होता? या तीन प्रश्नांवर मुलं घंटा झाल्यावरही भांडत बसायची. पहिल्याच दिवशी काही मुलांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि हात जोडून बसली. सरांनी त्यांना चपला घालून यायला सांगितलं. देवघर घरी आहे, हात तिथे जोडा, इथे आपण वाचायला बसलोय, असं त्यांचं म्हणणं. सर स्वतः घरी पूजा करतात की नाही याची मला फार उत्सुकता होती. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "बाई, तुम्ही प्रयोगशाळेत जेवता का?" मी म्हटलं, नाही. "पण जेवता ना?" एवढंच बोलून ते पुढचे पेपर तपासायला लागले. त्यांच्या पत्नीला, मंदावहिनींना, मी हेच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मलाही नक्की सांगता यायचं नाही, ते देवासमोर बसतात खरे, पण कधीकधी तिथे बसून कोश उघडतात.

सगळं बरं चाललं होतं. मग साबुदाणा आला.

झालं असं, की 'ऋषी काय खात होते' हा प्रश्न मुलांच्या फार आवडीचा झाला होता. जव खात, दूध-तूप खात, मध खात, इथवर ठीक. पण एका मुलीनं उपासाला काय खात असं विचारलं आणि सरांनी खरं ते सांगितलं. बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी समुद्रापलीकडून, जगाच्या दुसऱ्या टोकाहून, फार अलीकडे आलेली आहेत. आपल्या खिचडीतलं जिरं आणि तूप तेवढं ऋषींना ओळखता आलं असतं. प्रश्न विचारणारी मुलगी म्हणजेच सानिका पिंगळे. तिनं घरी जाऊन चतुर्थीच्या दिवशी आजीच्या ताटाकडे बोट दाखवून जाहीर केलं, की हा उपास मोडलेला आहे.

तिच्या आजी म्हणजे मखमलाबादच्या कमलताई. पिंगळ्यांची तिथे फुलशेती. झेंडू, शेवंती, गुलाब. कमलताईंनी सारं आयुष्य पहाटे उठून फुलं तोडून बाजाराला पाठवण्यात घालवलं होतं, आणि भजनी मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. सोमवारी मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि स्टीलचा डबा सरांच्या पुढ्यात ठेवला.

"मास्तर, ही खिचडी. ही उपासाला चालती का नाय, येवढं सांगा."

खोलीतल्या सगळ्यांचे चहाचे कप हातात थांबले. सरांनी डबा उघडला, बोटानं चव घेतली, मग माझ्याकडून चमचा मागून घेतला आणि शांतपणे खायला लागले. अर्धा डबा संपल्यावर ते म्हणाले, "मावशी, ऋषींना ही मिळाली नाही हे त्यांचं दुर्दैव."

"म्हंजे चालती?"

"उपास तुमचा. तुम्ही चालवलीत, ती चालली. कुठून आली ते मी फक्त सांगितलं. सून परगावाहून आली म्हणून जन्मभर परकी राहते का?"

कमलताईंनी थोडा विचार केला. त्या स्वतः निफाडकडून सून म्हणून आलेल्या होत्या. "डबा धुऊन पाठवा," असं म्हणून त्या गेल्या. आम्हाला वाटलं, मिटलं.

पण मिटलं नव्हतं. कमलताईंचे चिरंजीव दत्ताभाऊ आमच्या शाळेच्या समितीवर होते, आणि आईचा राग उतरण्याआधीच त्यांनी तक्रार पुढे सरकवली होती. समितीत चर्चा वाढत गेली. एका सदस्यांचं म्हणणं, हा माणूस पवित्र ग्रंथांची टिंगल करतो. दुसऱ्यांचं म्हणणं, शाळेत पोथ्या वाचायच्याच कशाला, हे धर्माचं शिक्षण झालं. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, पण तास बंद करावा यावर मात्र एकमत झालं. समिती स्वतः येऊन तास पाहील आणि मग ठरवील, तोपर्यंत मुलांनी शनिवारी शेवटच्या तासाला मौन पाळावं, असं ठरलं. आठवीच्या मुलांचं मौन काय असतं ते शिक्षकांना सांगायला नको. छत तेवढं उडायचं राहिलं.

त्या दिवसांत मी सरांना पहिल्यांदा उदास पाहिलं. शनिवारी ते कपाटाचा खालचा कप्पा आवरत बसायचे, म्हणजे यातलं त्यात आणि त्यातलं यात. मी म्हटलं, जाऊ द्या हो सर, एक तास तर आहे. त्यांनी हातातली शेंग कप्प्यात ठेवली. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत हे कोणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं. मला मिळालं तेही उशिरा, आणि मिळालं तेव्हा इतकं आवडलं की... यांना वाटतं मी त्यांचं काहीतरी काढून घेतोय. मी वाटा मागतोय हो. माझाही, या पोरांचाही." एवढं बोलून त्यांना संकोच वाटला असावा, कारण लगेच त्यांनी जवाची एक ओंबी माझ्या हातात ठेवली आणि ही किती वर्षं टिकेल असं विचारलं.

समिती तास बघायला येणार त्या दिवशी काहीतरी सौम्य घ्या, असं मी त्यांना परोपरीनं सांगितलं. पहाटेवरचं एखादं सुंदर सूक्त घ्या, सगळे खूश होतील. सर म्हणाले, पहाट मागेच झाली, आता क्रमानं जुगारी आलाय.

वेदात एका जुगाऱ्यानं स्वतःची फजिती गायली आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. तेव्हा सरांनी काष्ठौषधींच्या दुकानातून पिशवीभर बेहडे आणले आणि मुलांना वाटले. नेमकी त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाईंच्या मागोमाग समिती वर्गात शिरली. मूल्यशिक्षणाच्या तासाला अख्खी आठवी जमिनीवर उकिडवी बसून बेहडे फेकत होती, आणि मागच्या कोपऱ्यातून एक मुलगा हरल्याबद्दल मोठ्यानं नशिबाला दोष देत होता. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी दार पुन्हा लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण सदस्य आत आलेले होते. आणि त्यांच्यामागे, कोणीही न बोलावता, कमलताईही आल्या होत्या. आपल्या नावानं तक्रार झालीये तर काय शिकवतात ते आपणच बघू, असं म्हणून त्या शेवटच्या बाकावर सानिकाशेजारी जाऊन बसल्या. मीही 'परीक्षानळ्या शोधतेय' या सबबीखाली दारात उभी होते.

सरांनी बेहडे गोळा करून घेतले आणि वाचायला सुरुवात केली. या माणसाला फाशांचा आवाज ऐकला की राहवत नाही. उद्यापासून नाही जायचं असं ठरवतो आणि पाय तिकडेच वळतात. सासू त्याचा तिरस्कार करते. बायको कधी त्याच्यावर चिडली नव्हती, घरच्यांशी, मित्रांशी चांगली वागत होती, आणि तरी यानं तिला घालवलं. आई रडते. दुसऱ्यांची सुखी घरं बघून हा तळमळतो. दत्ताभाऊ वहीत काहीतरी टिपून घेत होते, ते टिपायचे थांबले. सरांनी नेहमीसारखं विचारलं, हे कोण बोलतंय? मुलं म्हणाली, जुगारी. कोणाशी? कोणी म्हणालं देवाशी, कोणी म्हणालं मित्रांशी.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बायको कुठंय यात?"

सर म्हणाले, "आहे की मावशी. चांगली होती म्हणतोय तो."

"चांगली व्हती म्हणतो. पन ती काय बोलली? तिचं एक वाक्य नाय. सासू बोलती, फासे बोलत्यात, ही तेवढी मुकी." कमलताई उभ्या राहिल्या. पदर सावरून त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं. दत्ताभाऊंनी मान हलवून नको अशी खूण केली, ती मी पाहिली. कमलताईंनीही पाहिली. "आमच्या घरात बी हेच व्हतं," त्या म्हणाल्या. "पत्ते. शेताच्या झोपडीत बसायचे चार जन. मी फुलं इकून येयाची आन झोपडीत दिवा दिसायचा. लोकं म्हनायचे, कमल लय सोशिक. सोशिक नव्हते मी. मला बोलताच येत नव्हतं, काय बोलावं तेच सुचत नव्हतं."

सानिका आजीकडे अशी बघत होती, जणू आजी नावाच्या बाई तिला आज पहिल्यांदा भेटल्या. सरांनी हातातलं पुस्तक खाली घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि मग?"

"मग काय, एक दिवस सुटलं त्यांचं. शेतात लक्ष घातलं. तुमच्या त्याचं काय झालं?"

सरांनी शेवटची ओळ वाचली. अर्थ सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलला होता. शेवटी त्याला सांगितलंय, की फासे खेळू नकोस, आपली शेती कर, त्यातच समाधान मान, तिथेच तुझ्या गायी आहेत आणि तिथेच तुझी बायको आहे.

"हे वेदात लिवलंय?"

"हो."

"इतक्या जुन्या काळी?" कमलताई खाली बसल्या. "आन आमाला कोनी सांगितलंच नाय..." नाराजी होती त्या बोलण्यात, पण ती सरांवर नव्हती. घंटा झाली. एकही मूल उठलं नाही. समितीतल्या दोन सदस्यांनी मात्र सवयीनं उठून पुन्हा बसून घेतलं.

समितीचा निर्णय पुढच्या आठवड्यात आला. वर्ग चालू ठेवावा, मात्र साबुदाण्याचा उल्लेख टाळावा. दत्ताभाऊंनी त्यावर सही केली होती. सरांनी हा आदेश निवृत्तीपर्यंत कसोशीनं पाळला. वर्गात वेळ आलीच तर ते 'तो पदार्थ' असं म्हणायचे, आणि सगळी आठवी हसून लोळायची. कमलताई त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शनिवारी यायच्या. मुलांना वाचून दाखवलेल्या प्रत्येक कवितेत 'तिथं बाई कुठंय' हा चौथा प्रश्न त्यांनी जो चिकटवून दिला तो कायमचा.

सर निवृत्त झाले त्या वर्षी नव्या वेळापत्रकात तो तास पुन्हा चहा प्यायला गेलेल्या कोणाच्या तरी नावावर गेला. मग कमलताईंनीच आपली फुलांची शेड देऊ केली. शनिवारी दुपारी माल गेलेला असतो, शेड रिकामी असते. मखमलाबादची, आसपासची मुलं यायला लागली. त्यात फुलं तोडायला सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबांची मुलंही असायची. बसायला फुलांचे उलटे टाकलेले क्रेट. झेंडूचा वास नाकात घेऊन उपनिषदं ऐकायची. मीही निवृत्त झाले होते, मीही जायचे. विज्ञानाची शंका आली तर असावी, असं सर म्हणायचे. एवढ्या काळात शंका दोनदा आली आणि दोन्हीही बेडकांविषयी होत्या.

कारण या हिवाळ्यात सरांनी बेडकांचं सूक्त घेतलं होतं. वर्षभर व्रत धरल्यासारखे गप्प पडून राहिलेले बेडूक पाऊस आल्यावर एकाएकी बोलायला लागतात, एक ओरडतो आणि दुसरा त्याच्यामागून तेच म्हणतो, गुरूच्या मागून शिष्य म्हणतात तसं. ही तुमचीच नक्कल आहे, असं सरांनी सांगितल्यावर मुलांना कोण आनंद झाला. अर्थ सर मराठीत सांगायचे, पण या वेळी त्यांनी अहिराणीत, आपल्या सटाण्याकडच्या बोलीत सांगितला. बेडूक पुण्याची भाषा बोलत असतील असं मला वाटत नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण. ते क्रेटवर उकिडवे बसून, गळा फुगवून पाऊस आल्याची वर्दी द्यायचे, "पानी उनं रे भो, पानी उनं!" की समोरून पंचवीस-तीस बेडूक तेच परत फेकायचे. ऐन थंडीत, स्वेटर-मफलर घातलेले बेडूक.

दुसऱ्याच शनिवारी शेजारच्या बागेतून रंगनाथतात्या आले. त्यांची द्राक्षं. शेडच्या दारात उभे राहून, टोपी हातात घेऊन ते अगदी काकुळतीनं म्हणाले, "सर, येवढं थांबवा. घड मन्यात आल्यात, दाना भरतोय. अवकाळी आला तर काय करू मी?"

सरांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, समजावलं. हे साहित्य म्हणून वाचतोय तात्या, पाऊस पाडायला नाही. तात्या म्हणाले, ते तुम्हाला माहीत, पावसाला कुठं माहीत. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाची बाजू मांडली. तात्यांनी ती आदरानं ऐकून घेतली आणि म्हणाले, तरी पन. शेवटी सरांनी शब्द दिला, की अर्धं राहिलेलं सूक्त द्राक्षांची काढणी झाल्यावर पुरं करू. जाताना ते मला म्हणाले, "बाई, साहित्य म्हणून शिकवण्यात आपण हरलो बरं का. पण असा श्रोता त्या कवीला किती दिवसांनी मिळाला असेल!" त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका खुलला होता... मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढच्या बुधवारी छातीत दुखायला लागलं, आणि शुक्रवारी सानिकाचा फोन आला. मंदावहिनी सांगत होत्या, दवाखान्यातही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यांचं नाव कळलं आणि तो मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारत होता. सरांनी दिलाही. कुठला ते वहिनींना ऐकू आलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी शेडवर गेले. मुलांना यायचं नाही असं सांगायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळी आली होती, क्रेट मांडून बसली होती. सानिका सुट्टी काढून आली होती. ती आता औषधशास्त्र शिकते, संस्कृत आठवीबरोबरच सुटलं. कमलताई दाराजवळ बसलेल्या. कोणाला काय करावं ते सुचत नव्हतं. मी उभी राहून दोन शब्द बोलायला गेले आणि तेही जमलं नाही.

तेवढ्यात तात्या आले. दारातूनच विचारलं, आज पोरं गप का? कमलताईंनी सांगितलं. तात्यांनी टोपी काढली. मग त्यांनी मान वळवून आपल्या बागेकडे पाहिलं, पुन्हा मुलांकडे पाहिलं.

"म्हनू द्या त्यांना," ते म्हणाले. "द्राक्षांचं बघू काय व्हईल ते."

एक क्रेट ओढून ते मागे बसले. मग सुरगाण्याकडची एक लहान मुलगी क्रेटवर उकिडवी झाली, गळा फुगवला आणि म्हणाली, "पानी उनं रे भो..." तिनं सटाणा कधी पाहिलेलं नाही. पण 'उनं'वरचा तो हेल, शेवटी आवाज वर नेऊन सोडून द्यायचा तो ढंग, हुबेहूब होता. पाठोपाठ सगळी शेड तेच म्हणायला लागली, सगळी त्याच हेलात, कमलताईसुद्धा. मी डोळे मिटून ऐकत राहिले. उघडले तेव्हा मागे तात्याही हळू आवाजात तेच पुटपुटत होते, आणि मधूनमधून दाराबाहेर मान काढून आभाळ बघून घेत होते.